ब्रालेटसाठी चार पदरी मर्सराइज्ड निटिंग कॉटन: मुंबईच्या उन्हाळ्यात कसं ठरतं

मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत मुंबईत घालता येईल असा जाळीदार ब्रालेट (ब्रासारखा आखूड) टॉप घरी क्रोशाने विणायचा असेल, तर दुकानात मिळणाऱ्या दोऱ्यांपैकी चार पदरी मर्सराइज्ड निटिंग कॉटनच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो ताणासाठी. या दोऱ्याला स्वतःचा लवचिकपणा जवळजवळ नाही. लोकरीचा कपडा ओढला की परत जागेवर येतो, कॉटनचा ओढला की ओढलेलाच राहतो. अंगाला चिकटून बसायच्या कपड्यात ही उणीव मोठी आहे आणि ती विणीतूनच भरून काढावी लागते. म्हणून दोऱ्याच्या परीक्षणासोबत ज्या नमुन्यावर तो पारखला तोही इथे पूर्ण दिला आहे.

आधी खरेदीचं. दुकानात नुसता ‘क्रोशाचा दोरा’ मागितला तर बहुतेक वेळा २० नंबरचा बारीक दोरा समोर येतो, तोरणं आणि ताटावरचे रुमाल ज्याचे विणतात तो. ‘निटिंग कॉटन, चार प्लाय, मर्सराइज्ड’ असं पूर्ण नाव सांगा. दादर पश्चिमेला स्टेशनच्या आसपासच्या दुकानांत आणि भुलेश्वरात तो मिळतो. भुलेश्वरचा फायदा असा की इलॅस्टिक, लेस, बटणं तिथेच घेऊन होतात. अस्तराची मलमल मंगलदास मार्केटमध्ये पाहा. गुंड्या घेताना लेबलवरचा लॉट नंबर जुळवून घ्या. एकाच शेड नंबरच्या पण वेगळ्या लॉटच्या दोन गुंड्या ट्यूबलाइटखाली सारख्याच दिसतात, दिवसाच्या उजेडात एक कप पिवळट आणि दुसरा दुधी दिसतो. गुंडी दाराशी नेऊन बघू द्यायला दुकानदार नाही म्हणत नाहीत.

मर्सराइज्ड म्हणजे काय, हे कळलं की या दोऱ्याचं वागणं कळतं. इंग्लंडमधल्या जॉन मर्सरने १८४४ मध्ये सुती धाग्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली आणि १८५० मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याने धागा फुगला, मजबूत झाला, रंग जास्त ओढू लागला, पण आटलाही. चकाकी आली ती पुढे १८९० च्या सुमारास, होरेस लो याने तीच प्रक्रिया धागा ताणून धरून केली तेव्हा. म्हणजे आपल्या हातात येणारा दोरा कारखान्यातच ताणला गेलेला असतो. तो गुळगुळीत असतो, त्यावर लव कमी असते, आणि त्यामुळे जाळीतला प्रत्येक खांब, म्हणजे उभा उंच टाका, सुटा दिसतो. चूक झाली तर उसवताना टाके एकमेकांत अडकत नाहीत. काखेजवळ घामाने आणि घासण्याने बोंड, म्हणजे बारीक गोळे, धरत नाही. ब्रालेटला हे तिन्ही गुण लागतात.

साधं, मर्सराइज न केलेलं कॉटन हाताला मऊ लागतं, हे खरं. पण दोन-चार धुण्यांत ते केसाळ होतं आणि जाळी धुरकट दिसू लागते. मिल्क कॉटन सध्या सगळीकडे आहे, रंग सुंदर आहेत, हात भरभर चालतो. लहान मुलांच्या टोप्या आणि खेळण्यांसाठी ते छानच. ब्रालेटसाठी मात्र आम्ही ते सुचवणार नाही. लेबल वाचलंत तर त्यात बरेचदा ॲक्रिलिकचा मोठा वाटा दिसतो. ॲक्रिलिक पाणी शोषत नाही, त्यामुळे मे महिन्यातल्या दमट दुपारी घाम कापडात न जाता अंगावरच राहतो. शिवाय ओलं करून टाचून वाळवलं तरी जाळी उघडी राहत नाही, आणि गरम इस्त्री लागली तर वीण कायमची लुळी पडते. बांबू किंवा व्हिस्कोस थंड वाटतं, झोकही सुरेख पडतो, पण व्हिस्कोसचा धागा ओला झाला की कमजोर होतो आणि कपडा स्वतःच्याच वजनाने लांबतो. कॉटनचं उलट आहे, ते ओलं असताना जास्त मजबूत असतं. ज्या कपड्याचा सगळा भार दोन दोऱ्यांवर लटकणार आहे, तिथे हा फरक फार मोलाचा.

आता दोऱ्याच्या खोडी. पहिली, गाठी. गुंडीत मध्येच कारखान्यातली गाठ येते. गाठ विणीत तशीच ओढून घेतली तर ती नेमकी कपाच्या मधोमध येऊन बसते आणि धुताना सुटते. गाठ दिसली की दोरा कापा, उसवून ओळीच्या सुरुवातीला जा आणि नवीन टोक तिथून घ्या. दोन्ही टोकं किमान १० सेंमी ठेवा आणि शिवणाच्या सुईने एकदा एका दिशेने, मग उलट दिशेने ओवा. गुळगुळीत दोऱ्याची टोकं एकाच दिशेने ओवली तर निसटतात.

दुसरी खोड, पदर फुटणं. चार पदर सैल पिळाचे असतात आणि क्रोशाची टोकदार सुई त्यांतल्या दोघांतच घुसते. असा फुटलेला टाका पुढच्या ओळीत उचलताना दोरा फुगून बाहेर येतो. यावर उपाय सुईचा आहे, दोऱ्याचा नाही. डोकं किंचित गोलसर असलेली ॲल्युमिनियमची सुई घ्या, कप विणायला ३ मिमी आणि पट्ट्यासाठी २.५ मिमी. पोनी कंपनीच्या साध्या सुया या कामाला पुरेशा आहेत. घामट हातात ॲल्युमिनियम चिकटतं आणि दोरा सुईवर सरकेनासा होतो. त्याचा त्रास होत असेल तर टुलिप एटिमो किंवा क्लोव्हर आमूर या जपानी कंपन्यांच्या मऊ मुठीच्या सुया घ्याव्यात. महाग आहेत, पण अंगठ्याखालचा भाग दुखत नाही. स्टीलच्या बारीक सुयांच्या नंबरावर विसंबू नका. त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते आणि तोही कंपनीगणिक वेगळा असतो. मिलिमीटर पाहा.

तिसरी खोड रंगाची. लाल, मरून, नेव्ही आणि काळा हे सुटणारे रंग. पांढरा रुमाल ओला करून दोऱ्यावर जोरात घासा. रंग उतरला तर त्या दोऱ्याचा फिक्या रंगाशी संयोग करू नका. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून सुती दोऱ्याचा रंग पक्का होत नाही. व्हिनेगरचा उपयोग लोकर आणि रेशमावरच्या आम्लधर्मी रंगांना होतो. इथे जास्तीचा रंग धुऊन काढणं हाच मार्ग, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

नमुना तुकडा विणल्याशिवाय सुरुवात करू नये, आणि तो न धुता मोजू नये. ३ मिमी सुईने साधारण १५ सेंमी चौरस खांबांचा तुकडा विणा, धुवा, सपाट वाळवा आणि मग मधला भाग मोजा. १० सेंमीत २० खांब आणि साधारण १० ओळी आल्या तर खालचे आकडे जसेच्या तसे लागू. खांब १८ आले तर वीण सैल आहे, सुई अर्ध्या मिलिमीटरने कमी करा. इथे खांब म्हणजे अमेरिकन नमुन्यांतला डबल क्रोशे आणि मुका खांब म्हणजे सिंगल क्रोशे. ब्रिटिश नमुन्यांत आपल्या मुक्या खांबालाच डबल म्हणतात आणि खांबाला ट्रेबल. ऑनलाइन नमुना उतरवताना कप अर्ध्या उंचीचा झाला तर बहुधा इथेच घोटाळा झालेला असतो.

खालचं माप छातीखाली ७६ सेंमी, म्हणजे ३० इंच घेराचं आहे, कप मध्यम.

कपासाठी १६ साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब. सोडलेल्या ३ साखळ्या म्हणजे एक खांबच. पुढच्या ११ साखळ्यांत एकेक खांब, की या बाजूला एकूण १३ होतात. शेवटच्या साखळीत टोक: २ खांब, २ साखळ्या, २ खांब. मग न वळता साखळीच्या दुसऱ्या कडेने खाली या, पुन्हा १३ खांब. टोकाचे दोन-दोन धरून प्रत्येक बाजूला १५ खांब झाले. दुसऱ्या ओळीपासून नियम एकच आहे: ३ साखळ्या घेऊन वळा, टाक्यावर टाका, टोकाच्या २ साखळ्यांच्या खिडकीत पुन्हा २ खांब, २ साखळ्या, २ खांब. दर ओळीला प्रत्येक बाजू दोनने वाढते: १५, १७, १९, २१, आणि आठव्या ओळीला २९.

पहिल्या चार ओळी भरीव ठेवा. पाचवी जाळीची, म्हणजे १ खांब, १ साखळी, खालचा १ टाका सोडा. सहावी भरीव, सातवी जाळीची, आठवी भरीव. बाजूची संख्या नेहमी विषम राहते, म्हणून जाळी खांबाने सुरू होऊन खांबानेच संपते आणि टोकाशी ओढाताण होत नाही. मधोमध भरीव आणि कडेला जाळी, ही रचना शोभेपुरती नाही. जिथे आड हवा तिथे आड मिळतो आणि जिथे त्वचा झाकायची गरज नाही तिथे हवा खेळते. पहिल्या ओळीपासून जाळी घेतली तर कप तीन-चार वापरांत पिशवीसारखा लोंबतो.

कपात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ओळीचा शेवटचा खांब विसरणं. तो आधीच्या ओळीच्या ३ वळणसाखळ्यांपैकी तिसरीत घालायचा असतो, आणि तिथे टाका आहे असं नजरेला वाटतच नाही. तो सुटला की दर ओळीला एक टाका कमी होत जातो. कपाचा पाया आत वळू लागतो आणि दोन कप दोन मापांचे होतात. दर ओळीला दोन्ही बाजू मोजा, कंटाळा आला तरी. पहिला कप झाला की स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचं वजन करा. त्यावरून उरलेला दोरा पुरेल की नाही ते तेव्हाच कळतं. या मापाला ५० ग्रॅमच्या दोन गुंड्या घेऊन ठेवाव्यात. दोऱ्या आणि नाड्या दिसतात त्यापेक्षा जास्त दोरा खातात.

पट्टा २.५ मिमी सुईने. ४२ साखळ्या घाला, मग पहिल्या कपाच्या पायावर मुके खांब: ओळीच्या प्रत्येक टोकात २ आणि मधल्या साखळीत १, म्हणजे १६ टोकांचे ३२ अधिक १, एकूण ३३. दोन कपांच्या मध्ये १ साखळी. दुसऱ्या कपावर ३३. मग ४३ साखळ्या घालून वळा, एक सोडून ४२ मुके खांब, कपांवरून ६७, आणि सुरुवातीच्या साखळ्यांवर ४२. एकूण १५१. घट्ट विणीत १० सेंमीत २२ मुके खांब धरले तर पट्टा साधारण ६८ सेंमी होतो आणि पाठीवर नाडीसाठी ७-८ सेंमी जागा राहते. कपाचा पाया मोजलात तर जवळपास १६ सेंमी भरेल, आणि ३३ मुके खांब होतात १५ सेंमी. हा एक सेंमीचा आवळ मुद्दाम ठेवला आहे, त्यानेच सपाट त्रिकोणाला गोलाई येते.

मोठा कप हवा असेल तर १० ओळी विणा. पाया ४१ टाक्यांचा होईल, मग बाजूच्या साखळ्या ४२ ऐवजी ३४ घ्या, एकूण पुन्हा १५१. घेर बदलायचा असेल तर दोन्ही बाजूंना तीन-तीनच्या पटीत साखळ्या वाढवा किंवा कमी करा. कारण खालची झालर सहाच्या पटीत अधिक एक अशी बसते: १ मुका खांब, २ टाके सोडा, पुढच्या एका टाक्यात ५ खांब, २ टाके सोडा, आणि पुन्हा मुका खांब. १५१ टाक्यांत बरोबर २५ पाकळ्या येतात.

झालरीआधी पट्ट्याच्या ७ ओळी विणा, त्यांतली चौथी जाळीची. तिच्या खिडक्यांतून आतल्या बाजूने ६ मिमीचं चपटं इलॅस्टिक ओवायचं, साधारण ६० सेंमी, आणि दोन्ही टोकांना साध्या सुईदोऱ्याने टाचायचं. दोऱ्याचा जो गुण कापला तो इथे परत मिळतो. इलॅस्टिकवरूनच मुके खांब विणायची पद्धत दिसायला सफाईदार आहे, पण मुंबईच्या दमट हवेत आणि घामात रबर लवकर मरतं, आणि तेव्हा अख्खा पट्टा उसवावा लागतो. ओवलेलं इलॅस्टिक दहा मिनिटांत बदलता येतं.

पाठीच्या दोन्ही टोकांना ३ साखळ्यांच्या तीन-तीन कड्या करा आणि सव्वा मीटरची नाडी आडवीतिडवी ओवा. बटण किंवा हुक लावायच्या फंदात पडू नका. धुतल्यावर कॉटनचं माप थोडं इकडेतिकडे होतंच, नाडीला ते सांभाळता येतं.

ब्रालेट बिघडतो तो खांद्याच्या दोऱ्यांवर. टोकाच्या २ साखळ्यांच्या खिडकीला थेट दोरी बांधली की सगळा भार त्या एका फासावर येतो. खिडकी लांबट होते, शेजारचे खांब ओढले जातात आणि कपाच्या वरच्या भागात भोक दिसू लागतं. त्याऐवजी कपाच्या दोन्ही तिरक्या कडांवरून मुक्या खांबांची एक ओळ घ्या, खिडकीत ३, आणि टोकावरच्या मधल्या ५ टाक्यांवर मुक्या खांबांच्या ३ ओळींची छोटी गादी विणा. तिच्यातून दोरी काढा: हव्या तेवढ्या साखळ्या, आणि परत येताना प्रत्येक साखळीच्या पाठीमागच्या उंचवट्यात स्लिप स्टिच, म्हणजे उंची न वाढवणारा सरकता टाका. साखळीच्या पुढच्या दोन फाशांत घातलेल्या टाक्यांपेक्षा पाठच्या उंचवट्यातली दोरी कमी ताणते आणि गोल, भक्कम बसते. तरी ती वापरून थोडी लांबणारच, म्हणून बांधायच्या दोरीला हरकत नाही, पण दोन्ही टोकं शिवून पक्की करायची असतील तर २ सेंमी आखूड ठेवा. मानेमागे बांधायचा प्रकार लहान कपालाच बरा. १० ओळींच्या कपाला मान दुखते. दोऱ्या खांद्यावरून मागे नेऊन फुली घालून पट्ट्यात अडकवा.

अस्तराला मलमल किंवा सुती व्हॉइल, अर्धा मीटर पुष्कळ. आधी धुऊन घ्या. कापड क्रॉसमध्ये, म्हणजे तिरकं कापा, नाहीतर विणीला असलेला थोडाफार लवचिकपणाही जातो. अस्तर चारही कडांना घट्ट शिवू नका, वरच्या टोकाला आणि पायाला हातटाके पुरेत. पांढऱ्या आणि पिस्त्यासारख्या फिक्या रंगांना अस्तर हवंच, कारण ओलं झालेलं कॉटन पारदर्शक होतं. गडद रंगाला चार भरीव ओळी पुरतात.

झालं की टाचून वाळवायला विसरू नका, जाळीची नक्षी तिथेच उलगडते. सौम्य साबणाच्या साध्या पाण्यात भिजवा, पिळू नका, पंचात गुंडाळून दाबा, आणि थर्मोकोलवर किंवा जुन्या योगा मॅटवर माप धरून टाचण्या लावा. प्रत्येक पाकळीला एक टाचणी. टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात. पावसाळ्यात कपड्यांच्या डब्यात पडून राहिलेल्या साध्या टाचण्यांना बारीक गंज आलेला असतो आणि पांढऱ्या कॉटनवर तो डाग बसला की निघत नाही. पंख्याखाली मे महिन्यात एका दिवसात वाळतं, जुलैत दोन दिवस धरा. दोरीवर लटकवून वाळवू नका, पाण्याच्या वजनाने दोऱ्या कायमच्या लांबतात.

एक छोटी सूचना झालरीपुरती. शेवटची ओळ २० नंबरच्या बारीक दोऱ्याने, त्याच रंगात, १.२५ मिमी सुईने विणून पाहा: पाकळीच्या प्रत्येक खांबावर १ मुका खांब आणि मधल्या खांबावर ३ साखळ्यांचा पिकॉट, म्हणजे छोटा उठावदार फास. चार पदरी दोऱ्याचा पिकॉट जाड, गोळीसारखा दिसतो. बारीक दोऱ्याचा खरोखर लेससारखा उठतो, आणि दोन्ही दोरे मर्सराइज्ड असल्यामुळे चकाकीत फरक पडत नाही. फक्त झालर टाचून वाळवल्यानंतर ही ओळ घ्या, आधी नाही, नाहीतर बारीक दोरा पाकळ्यांना आत ओढतो.